इंटरफेस सुटता सुटत नाही: नेटवर्क कोडमधला रेफरन्स काउंटचा बग

रात्रपाळी

काल रात्री पावणेदोनला चाचणीच्या खोलीतल्या मशिनवर ‘आयपी लिंक डेल’ ही नेटवर्क इंटरफेस (मशिनचं नेटवर्ककडे उघडणारं दार) काढून टाकायची कमांड मारली आणि प्रॉम्प्ट लगेच परत आला. त्या परत आलेल्या प्रॉम्प्टपायी तीन आठवडे गेलेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. मराठीत या विषयावर फारसं वाचायला मिळत नाही, आणि हा बग मला पहिल्यांदा भेटला तेव्हा कुणीतरी शेजारी बसवून सांगायला हवं होतं असं फार वाटलं होतं.

आमच्याकडे नेटवर्कची पेटी बनते. आत लिनक्स, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ६.१, आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा भाग, म्हणजे एक मॉड्यूल. आलेलं पॅकेट बघायचं, ते कुणाकडे जायचं हे ठरवायचं आणि नेहमीची लांबची वाट टाळून थेट बाहेर काढायचं, एवढं त्याचं काम. एका ग्राहकाकडून तक्रार आली की व्हीलॅन (एकाच वायरीवरचं वेगळं आभासी नेटवर्क, कर्नलला तोही एक इंटरफेसच) काढून टाकताना कधीकधी पेटी अडकते. ‘कधीकधी’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. रोज होणारा बग सापडतो, कधीकधी होणारा पिच्छा पुरवतो.

कन्सोलवर दर दहा सेकंदांनी ही ओळ:

अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर ईथ१.२०० टू बिकम फ्री. यूसेज काउंट = २

कमांड परत येत नाही. कंट्रोल-सी चालत नाही, ‘किल -९’ सुद्धा लागू पडत नाही, कारण ती प्रक्रिया कर्नलच्या आत न उठवता येणाऱ्या झोपेत असते. शेवटी पेटीची वायर काढून लावायची. ग्राहकाला हे सांगताना आवाज खाली जातो.

आधी ओळीचा अर्थ. कर्नलमध्ये प्रत्येक नेटवर्क इंटरफेसची एक मोजणी असते, तोच रेफरन्स काउंट. ज्याला तो इंटरफेस वापरायचा आहे त्याने डेव्ह_होल्ड करून मोजणी एकने वाढवायची, काम झालं की डेव्ह_पुट करून एकने कमी करायची. इंटरफेस काढायला घेतला की कर्नल सगळ्या उपविभागांना कळवतो: निघतो आहोत, आपापलं आवरा. कुणी आवरलं नाही तर दर सेकंदाला पुन्हा सांगतो आणि दर दहा सेकंदांनी वरची ओळ छापतो. त्याच्या थांबण्याला मुदत नाही, कारण मोजणी उतरल्याशिवाय ती मेमरी सोडली आणि कुणी खरंच वापरत असेल तर त्याहून वाईट होईल.

५.१३ पासूनच्या कर्नलांत मोजणी एकपासून सुरू होते. म्हणजे यूसेज काउंट २ याचा अर्थ एकच जण अडून बसला आहे. मी इथेच फसलो. वाटलं, आपल्या मॉड्यूलमध्ये एक डेव्ह_होल्ड असा असेल ज्याला डेव्ह_पुट नाही. पाच जागा होत्या. पाचही उलटसुलट तपासल्या, सगळ्या जोड्या बरोबर. या तपासणीत एक अख्खा आठवडा गेला.

मग रेफरन्स ट्रॅकर चालू करून कर्नल नव्याने बांधला. ही सोय कर्नलचा नेटवर्क कोड लिहिणाऱ्या एरिक डुमाझे यांनी केली आणि ती २०२२ च्या ५.१७ मध्ये आली. जो मोजणी वाढवतो त्याच्या नावाची एक चिठ्ठी ठेवली जाते आणि चिठ्ठीवर त्या क्षणाचा सगळा कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी, असते. परत केलं की चिठ्ठी निकाली. इंटरफेस अडकला की उरलेल्या चिठ्ठ्या छापल्या जातात. आमच्याकडे एकच उरली होती, आणि तिच्यावर आमच्या मॉड्यूलचं नावच नव्हतं. नाव होतं कर्नलच्याच नेबर टेबलात नवी नोंद करणाऱ्या फंक्शनचं.

नेबर म्हणजे ‘या आयपीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) हा’ अशी नोंद, एआरपीतून, म्हणजे नेटवर्कवर ‘हा आयपी कुणाचा’ असं विचारून मिळालेली. तिची स्वतःची वेगळी मोजणी असते, आणि प्रत्येक नोंद तिच्या इंटरफेसला धरून असते. आमचं मॉड्यूल इंटरफेसला अडवत नव्हतं. ते नोंदीला अडवत होतं आणि नोंद इंटरफेसला. आमचा कोड असा होता, शब्दांत सांगतो: नीघ_लुकअपने नोंद शोध (हे फंक्शन मोजणी वाढवूनच नोंद हातात देतं). नाही मिळाली, तर पॅकेट नेहमीच्या वाटेने जाऊ दे आणि परत फीर. मिळाली पण तिचा मॅक पत्ता अजून पक्का नाही, तर पॅकेट नेहमीच्या वाटेने जाऊ दे आणि परत फीर. पक्का असेल तर तो पॅकेटवर लिही, नीघ_रिलीज कर, पॅकेट सोड.

मधलं ‘परत फीर’ बघा. नोंद हातात आहे आणि आपण तशीच घेऊन निघालो.

‘कधीकधी’ का, तेही उलगडलं. पत्ता पक्का नाही ही स्थिती समोरचं मशिन बंद असलं की येते. आमच्या चाचणीच्या खोलीतली मशिनं चोवीस तास चालू. ग्राहकाकडे संध्याकाळी कार्यालय सुटताना लोक आपापली मशिनं बंद करून जातात.

खात्रीसाठी मॉड्यूलमध्ये दोन साधे आकडे ठेवले: किती वेळा घेतलं, किती वेळा दिलं. (नीघ_रिलीज इनलाइन आहे, म्हणजे त्याचा कोड बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळतो, त्यामुळे बाहेरून प्रोब लावून मोजता येत नाही.) समोरचं मशिन बंद केलं, १००० पॅकेटं सोडली. फरक आला ९९९. पहिल्या पॅकेटच्या वेळी नोंदच नव्हती, ती त्या पॅकेटने नेहमीच्या वाटेवर तयार केली. पुढचं प्रत्येक पॅकेट एकदा घेऊन गेलं. आणि एवढं होऊनही इंटरफेसचा यूसेज काउंट मात्र २ च, कारण नोंद एकच. ९९९ वेळा विसरलेलं त्या एका आकड्यामागे लपलेलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची: त्या मधल्या वाटेवर नीघ_रिलीज.

---

निळी_शाई

फार आवडलं. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय झाला आहे, पण रेफरन्स काउंट नेमका कशासाठी लागतो हे परीक्षेपुरतंच कळलं होतं. एखादं उदाहरण देता का? आणि मला अहो-जाहो नको, मी खूप लहान आहे.

---

रात्रपाळी

@निळी_शाई, आमच्या आजोळी गणपतीत घर भरलेलं असायचं. रात्री आरतीला गावभर मुलं पांगायची. आजी दिंडी दरवाजाशी बसून असायची. बाहेर किती गेले ते तिच्या डोक्यात पक्कं. एकेक जण परतला की ती एक वजा करायची आणि शेवटचा आत आला की अडसर घालायची. किती लवकर झोपायचं हे तिच्या हातात नव्हतं, शेवटी येणाऱ्याच्या हातात होतं.

आता दोन चुका बघ. एखादा मागच्या परसदारातून येऊन न सांगता झोपला, तर आजी रात्रभर बसून. मधूनमधून विचारत राहणार, ‘अजून कोण बाहेर आहे रे?’ ही झाली लीक, आणि ती दर दहा सेकंदांची ओळ म्हणजे आजीची हाक. उलट चूक: परतलेल्या एकाच मुलाला दोनदा वजा केलं, तर एक पोर बाहेर असतानाच अडसर पडला. कर्नलमध्ये याला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. मेमरी परत दिली गेली, ती दुसऱ्याला मिळाली, आणि जुना माणूस ती अजून आपलीच समजून तिच्यात लिहितो आहे.

आमच्या बगमध्ये एक पायरी आणखी होती. आजी मामाची वाट बघत होती. मामा देवळापाशी एका पोराची वाट बघत थांबला होता. आणि ते पोर केव्हाच घरी येऊन झोपलेलं. आजीला विचारलंस तर ती म्हणणार, मामा आला नाही. खरंच आहे ते. पण मामाला ओरडून काही उपयोग नाही.

---

पाचवा_मजला

ही ओळ मी कंटेनर (एकाच मशिनवर वेगळे ठेवलेले प्रोग्रॅम) चालवताना वर्षानुवर्षं पाहिली आहे, तिथे नाव ‘एलओ’, म्हणजे मशिनचा स्वतःशीच बोलायचा लूपबॅक इंटरफेस, असायचं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या गिटहबवर ५६१८ क्रमांकाचा इश्यू २०१४ सालचा आहे, आणि त्यात जगभरचे लोक हीच ओळ चिकटवत बसलेले. जुन्या कर्नलांत एक नेटवर्क नेमस्पेस (कंटेनरचं स्वतंत्र नेटवर्क) असा अडकला की नवा कंटेनरही उघडायचा नाही, सगळं त्याच्यामागे रांगेत.

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. ग्राहक ओरडतो आहे, बग सापडायला तीन आठवडे लागतात. तोवर तात्पुरतं म्हणून, दोन मिनिटं वाट पाहून मोजणी जबरदस्तीने खाली आणली तर? निदान पेटी तरी अडकणार नाही.

---

रात्रपाळी

@पाचवा_मजला, ‘एलओ’चं कारण मजेशीर नाही, त्रासदायक आहे. इंटरफेस जाताना, सॉकेटांनी (प्रोग्रॅमच्या नेटवर्क जोडण्यांनी) धरून ठेवलेल्या जुन्या राउट नोंदी कर्नल दुसऱ्या इंटरफेसवर सरकवतो, म्हणजे खरा इंटरफेस तरी सुटतो. पूर्वी त्या त्याच नेमस्पेसच्या लूपबॅकवर सरकायच्या. मग नेमस्पेस बंद करताना लूपबॅक अडकायचा आणि सगळे लूपबॅकमध्ये बग शोधत बसायचे. २०१९ च्या ५.३ पासून अशा नोंदी ब्लॅकहोल नावाच्या एका कायमच्या इंटरफेसवर जातात. त्या ओळीतलं नाव मोजणी कुठे पडली आहे ते सांगतं, ती कुणी वाढवली ते नाही.

जबरदस्तीचं: तेही आम्ही केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात, दबाव होता म्हणून. इंटरफेस जातो आहे अशी सूचना आली की आमच्या मॉड्यूलने मोजणी एकावर येईपर्यंत डेव्ह_पुट करत राहायचं. ओळ गायब झाली. आम्ही खूश. मी म्हटलं, ग्राहकाला द्यायच्या आधी एक रात्र कसान लावून चालवू. कसान म्हणजे मेमरीच्या गैरवापरावर नजर ठेवणारी कर्नलमधलीच व्यवस्था, २०१५ पासून आहे. सकाळी लॉगमध्ये यूज-आफ्टर-फ्री.

झालं असं की आमच्या फ्लो टेबलातल्या (कोणती पॅकेटं कुठे जायची हे लक्षात ठेवणाऱ्या) नोंदी काही नेबर रीतसर धरून असतात आणि जुन्या झाल्या की टायमरने सोडतात. जबरदस्तीच्या त्या लूपने विसरलेली मोजणी पुसली तशी ही खरीही पुसली. इंटरफेस गेला, मेमरी परत गेली. चार मिनिटांनी टायमर आला, त्याने नेबर सोडला, नेबर नष्ट होताना आपल्या इंटरफेसवर डेव्ह_पुट करायला गेला, आणि तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी डेटा होता. त्यात एकने वजाबाकी झाली.

अडकलेली पेटी ग्राहकाला दिसते. भलत्याच जागी एकने कमी झालेला आकडा कुणालाच दिसत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की मोजणी जबरदस्तीने उतरवणं ही तात्पुरती दुरुस्तीसुद्धा नव्हे. त्यापेक्षा पेटी अडकू द्यावी आणि ग्राहकाला खरं सांगावं.

---

उंबरठा

याला जोडून. लीक म्हणजे फक्त थोडी मेमरी वाया जाते असं बरेच जण समजतात. मोजणी शेवटी एक आकडाच असतो, बहुतेक ठिकाणी ३२ बिटांचा. तो लीक होत राहिला तर कधीतरी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. शून्य झालं की वस्तू सोडली जाते, आणि ती तर वापरात असते. म्हणजे लीकचाच यूज-आफ्टर-फ्री होतो.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १२.० मध्ये अगदी हेच झालं. युनिक्स सॉकेटमधून (एकाच मशिनवरच्या प्रक्रियांमधली जोडणी) एक प्रक्रिया दुसरीला उघडी फाइल पाठवू शकते. घेणाऱ्याने जागा अपुरी दिली तर उरलेल्या फाइली बंद करायच्या, असा चांगल्या हेतूने लिहिलेला कोड होता. तो बंद करताना घेतलेली एक मोजणी परत द्यायला विसरला. मशिनवरच्या साध्या वापरकर्त्याने हे पुन्हा पुन्हा करत ती मोजणी पूर्ण फिरवली तर त्याला रूटपर्यंत, म्हणजे मशिनच्या पूर्ण ताब्यापर्यंत, पोचता येत होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरक्षा सूचना निघाली, सुरक्षा त्रुटींच्या यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१९-५५९६.

लिनक्समध्ये यावर २०१७ च्या ४.११ पासून रेफकाउंट_टी हा वेगळा प्रकार आहे, पीटर झाइल्स्ट्रा यांनी आणलेला. तो भरला की फिरत नाही, वरच्या एका किमतीला चिकटून बसतो आणि इशारा छापतो. वस्तू कायमची लीक होते, पण कुणाच्या हातात सोडलेली मेमरी जात नाही. पुढे केस कूक, एलेना रेशेतोवा वगैरे मंडळींनी कर्नलभर जुन्या मोजण्या शोधून या प्रकारात बदलल्या. नेबरची मोजणीही त्यात आली.

रात्रपाळी, तुमच्या बगला हे लावून बघा. समजा बंद मशिनकडे सेकंदाला १ लाख पॅकेटं येताहेत. जुनी साधी ३२ बिटांची मोजणी सुमारे ४२९ कोटींना फिरते, म्हणजे जेमतेम १२ तास. रेफकाउंट_टी साधारण २१४ कोटींपुढे चिकटतो, म्हणजे सहाएक तासांत. आज तुमचा इंटरफेस अडकला. ४.११ आधीच्या जगात कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी भलत्याच ठिकाणी कोसळली असती आणि नेबर टेबलाकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

---

निळी_शाई

रात्रपाळी दादा, आजीचं उदाहरण डोक्यात बसलं. एक शंका. दोन मुलं एकमेकांची वाट बघत बाहेरच थांबली तर? पायथॉनमध्ये आम्हाला असं शिकवलं होतं की वर्तुळ झालं तर रेफरन्स काउंट कधीच शून्य होत नाही आणि म्हणून अशी बेवारस मेमरी शोधून सोडणारा वेगळा गार्बेज कलेक्टर लागतो. कर्नलमध्येही असतो का?

---

उंबरठा

हो, आणि तोही नेटवर्कच्याच कोडमध्ये. वर म्हटलं तसं युनिक्स सॉकेटमधून उघडी फाइल पाठवता येते. सॉकेट हीही फाइलच. एक सॉकेट दुसऱ्याच्या पोटात पाठवला, दुसरा पहिल्याच्या पोटात, आणि दोन्ही बाहेरून बंद केले. आता दोघांची मोजणी एक, आणि त्यांच्यापर्यंत कुणीच पोचू शकत नाही. यासाठी लिनक्समध्ये खास युनिक्स सॉकेटांपुरता गार्बेज कलेक्टर फार पूर्वीपासून आहे. तो समजायला आणि दुरुस्त करायला इतका किचकट होता की २०२४ च्या ६.१० मध्ये नव्याने लिहिला गेला. आता सॉकेटांचा आलेख मांडतात आणि त्यातली वर्तुळं टार्जनच्या अल्गोरिदमने शोधतात. तुझ्या अभ्यासक्रमात ‘स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट’ आलं असेल, तेच.

---

घाटमाथा

वीस वर्षं नेटवर्क ड्रायव्हर लिहितो आहे. धागा मनापासून आवडला. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, एका ओळीच्या दुरुस्तीबद्दल. मार्च २०२२ मध्ये एलएलसीमधली अशीच एक लीक दुरुस्त झाली. एलएलसी म्हणजे ८०२.२ चा जुना प्रोटोकॉल, आज क्वचितच कुणी वापरतं, पण कोड कर्नलमध्ये आहे. बाइंड करताना, म्हणजे सॉकेट पत्त्याला बांधताना, इंटरफेस शोधून त्याची मोजणी घेतली जायची आणि सॉकेटच्या ‘डेव्ह’ रकान्यात तो ठेवला जायचा. पुढे काही कारणाने बाइंड फसलं तर मोजणी परत दिलीच जात नव्हती. तुमच्यासारखीच मधली वाट. सीव्हीई-२०२२-२८३५६. एरिक डुमाझे यांनी छोटासा पॅच केला: फसलं तर परत दे आणि रकाना रिकामा कर. काही दिवसांतच त्यांनाच दुसरा पॅच पाठवावा लागला, कारण पहिल्याने नवा बग आणला होता. नेटवर्कच्या मोजण्या त्यांच्याइतक्या जवळून ओळखणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तरीही.

दुसऱ्या पॅचमध्ये मांडणीच बदलली. इंटरफेस आधी फक्त स्थानिक चलात घ्यायचा. फसण्यासारखं सगळं उरकून घ्यायचं. आता इथून पुढे काही फसणार नाही अशी जागा आली की मगच तो सॉकेटच्या रकान्यात लिहायचा आणि स्थानिक चल रिकामं करायचं. फंक्शनच्या शेवटी एकच दार, तिथे स्थानिक चलात जे उरलं असेल ते परत. रिकामं असेल तर डेव्ह_पुट काहीच करत नाही. म्हणजे कुठल्याही क्षणी ‘ही मोजणी आत्ता कुणाची’ या प्रश्नाला एकच उत्तर.

मी माझ्या हाताखालच्या मुलांना हेच वाचायला देतो. पहिला पॅच, मग दुसरा, शेजारी शेजारी. परत द्यायची ओळ कुठे घालायची हा प्रश्न नंतरचा. मालकी कुणाची आणि ती कोणत्या ओळीवर हस्तांतरित होते, हे आधी ठरायला हवं. तुमच्या कोडमध्ये तीन बाहेर पडायच्या वाटा आहेत आणि प्रत्येकीवर वेगळं ‘परत फीर’. एक ओळ घातलीत, ठीक. उद्या कुणी चौथी वाट घालेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तुम्ही ती मोजणी घेताच का? हे पॅकेट पुढे ढकलण्याच्या वाटेवरचं काम आहे, तिथे आरसीयू या कर्नलमधल्या व्यवस्थेचं वाचन-कुंपण आधीच लागलेलं असतं. कुंपणाच्या आत असताना नोंद नष्ट होऊन मेमरी हातातून जाणार नाही याची हमी आरसीयू देतंच. तुम्हाला नोंद ठेवून घ्यायची नाही, तिच्यातला सहा बाइटांचा पत्ता फक्त उतरवून घ्यायचा आहे. त्यासाठी मोजणी न वाढवता शोधणारं रूप आहे, नावाच्या शेवटी ‘नोरेफ’ असलेलं. पत्ता नीघ_हा_स्नॅपशॉटने उतरवा, म्हणजे मध्येच पत्ता बदलला तरी अर्धा जुना अर्धा नवा असा हातात येणार नाही. मोजणीच घेतली नाही तर विसरायला काही उरतच नाही. शिवाय प्रत्येक पॅकेटमागे दोन अॅटॉमिक (मध्येच तुटू न देता करायच्या, म्हणून महाग) क्रिया वाचतात. अनेक कोअरवर एकाच नेबरची मोजणी सगळे मिळून खालीवर करत असतील तर ती एकच कॅश लाइन (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीचा तुकडा) इकडून तिकडे ओढली जात राहते.

---

रात्रपाळी

@घाटमाथा सर, हे वाचून उठलो, दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसलो. तीन आठवडे मी ‘कुठे सोडायला विसरलो’ हेच शोधत होतो. ‘घेतलंच का’ हे एकदाही विचारलं नाही.

फ्लो टेबलात नेबर ठेवतो तिथे मोजणी लागणारच, कारण ती नोंद कुंपणाबाहेर, मिनिटंच्या मिनिटं जगते. पण पॅकेटच्या वाटेवर नाही. ग्राहकाकडे आज एका ओळीचाच पॅच जातो आहे, तो तपासून झाला आहे आणि त्यांना आणखी थांबवता येणार नाही. पुढच्या आवृत्तीत नोरेफ.

एक सांगायचं राहिलं होतं. नेबरच्या कर्नलमधल्या फाइलमध्ये, इंटरफेस जाताना नोंदी साफ करणाऱ्या फंक्शनमध्ये, नेमक्या आमच्या प्रसंगासाठी टिप्पणी लिहिलेली आहे: ही सगळ्यात अप्रिय परिस्थिती, नोंद नष्ट करायची आहे पण कुणीतरी ती अजून वापरतं आहे. तिथे कर्नल ती नोंद टेबलातून काढतो, तिच्यातून जाणारी पॅकेटं टाकून देण्याची व्यवस्था करतो आणि धरणारा सोडेल म्हणून वाट बघतो. मी ती टिप्पणी पहिल्याच आठवड्यात वाचली होती आणि पुढे सरकलो होतो. तो ‘कुणीतरी’ आमचं मॉड्यूल होतं.

---

पाचवा_मजला

जबरदस्तीचा माझा मुद्दा मागे घेतो. कसानचं वाचून पटलं.

एक विचारू का? आता सी मध्येसुद्धा चल व्याप्तीबाहेर गेलं की आपोआप परत देण्याची सोय आली आहे ना, ६.५ पासून, ‘__फ्री’ वगैरे? ती वापरली तर या ‘मधल्या वाटा’ संपतील.

---

घाटमाथा

आली आहे, २०२३ मध्ये. पण नेटवर्कचे मेंटेनर ती सरसकट वापरायला नको म्हणतात, त्यांच्या नियमावलीतच तसं लिहिलं आहे. एपीआय बांधताना आत वापरा, रोजच्या कोडमध्ये थेट नको. मला त्यांचं म्हणणं पटतं. परत देणं डोळ्यांना दिसत नसेल तर पॅच वाचणाऱ्याला ते मनात धरून चालावं लागतं, आणि मालकी दुसऱ्याला देताना ‘आता आपोआप परत देऊ नकोस’ हे वेगळं सांगावं लागतं. तिथेही विसरता येतंच. स्वतःच्या मॉड्यूलमध्ये वापरायला माझी हरकत नाही. मी गोटू (ठरलेल्या ओळीवर थेट उडी) आणि शेवटी एक दार यावरच आहे.

---

निळी_शाई

दादा, सर, आज एक केलं. आमचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एक छोटं कर्नल मॉड्यूल आहे, पॅकेटांची प्रत काढून दुसऱ्या इंटरफेसवर पाठवणारं. त्यात तुम्ही सांगितलेले दोन आकडे घातले, घेतलं किती आणि दिलं किती. नेबर नाही वापरत आम्ही, एसकेबी (कर्नलमध्ये पॅकेट धरणारी वस्तू) वापरतो. दहा मिनिटं चालवलं. घेतलेले ४०,२१६, दिलेले ४०,२१३.

तीनचा फरक आहे. कुठून आला ते अजून कळलं नाही.

---

रात्रपाळी

@निळी_शाई, आधी हे बघ की आकडे वाचलेस त्या क्षणी तीन पॅकेटं वाटेतच तर नव्हती. ट्रॅफिक पूर्ण थांबव, अर्धा मिनिट जाऊ दे, मग वाच. फरक शून्य झाला तर लीक नाही.

तीनच राहिला तर दुसरा इंटरफेस मुद्दाम बंद कर आणि पुन्हा चालव. पाठवणं फसल्यावर तुमचा कोड कुठून बाहेर पडतो ती वाट हातात येईल. एसकेबीला दोन मोजण्या असतात हे लक्षात ठेव: एक वरच्या वस्तूची, ‘यूझर्स’, आणि एक आतल्या डेटाची. एसकेबी_क्लोनने वरची वस्तू नवी मिळते, डेटा सामायिकच राहतो. एसकेबी_गेटने वस्तूही तीच. तुम्ही दोन्हींपैकी काय वापरलं आहे ते फंक्शनसकट इथे टाक, बसून बघू.

---

निळी_शाई

थांबवून वाचलं. अजूनही तीन. क्लोन वापरलं आहे. इंटरफेस बंद करून चालवलं तर फरक पळतो आहे, प्रत्येक पॅकेटला एक. फंक्शन टाइप करून रात्री टाकते.